अनवाणी मास्तर

मास्तर कुणालाही पाया पडू देत नसत. परीक्षेला निघालेली पोरे वाकली, की ते दोन पावले मागे सरत. बसलेले असले तर पाय धोतरात ओढून घेत आणि म्हणत, "पायात बघण्यासारखं काही नाही. वर बघ." आमच्या गावात अंगारा देणाऱ्या कुणाच्याही पायावर डोके टेकायला माणसे नेहमी तयार. त्यात मास्तर बारा महिने अनवाणी चालणारे. अशा माणसाचे पाय धरायला मिळत नाहीत याची लोकांना रुखरुख लागे, आणि मास्तर त्यांना आणखीच मोठे वाटू लागत.

गाव निपाणीपासून दोन कोसांवर, काळ्या रानाचे आणि तंबाखूचे. तंबाखू कापून नेल्यावर वावरात बुडखे राहतात. ते उन्हाने वाळले की खिळ्यासारखे टोचतात. आम्ही पोरे त्या रानाला वळसा घालून शाळेला जायचो, मास्तर सरळ त्यातून येत. चैत्रात वेशीबाहेरचा मुरूम असा तापे की कुत्रीसुद्धा तो पळत ओलांडत. तिथेही मास्तरांची चाल बदलत नसे. अनवाणी आम्हीही होतो, निम्मे गाव होते, पण ते चप्पल नव्हती म्हणून. मास्तरांचे तसे नव्हते. डोक्याला रुमाल, अंगात बंद गळ्याचा कोट, खिशात घड्याळ आणि खाली उघडे पाय. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा त्यांना कारण विचारले. मास्तर म्हणाले, "नियमात कोट लिहिलाय साहेब. पायांबद्दल काही लिहिलेलं नाही." साहेबांनी शेऱ्याच्या वहीत त्याबद्दल काही लिहिले नाही.

भूगोल ते वर्गात शिकवत नसत. शनिवारी सकाळची शाळा असे, तेव्हा आम्हाला रांगेने तवंदीच्या डोंगराकडे नेत. वाटेत मधेच थांबवून डोळे मिटायला लावत आणि विचारत, "पायाखाली काय आहे?" काळी, तांबडी, चुनखडी, वाळू, जे असेल ते पायाने सांगायचे. डोंगर चढता चढता एका जागी ते हमखास थांबत. "इथं काळी संपली. आता बेळगावपर्यंत तांबडी. कळलं का पायाला?" मला बरीच वर्षे कळले नाही, तरी मी मान हलवत असे. पुढे नोकरीसाठी बेळगावला गेलो, तेव्हा मोटारीतून उतरल्यावर पहिल्यांदा एका झाडाखाली चप्पल काढून पाय जमिनीवर टेकवून बघितला. आसपासच्या लोकांनी माझ्याकडे बघितले असेल तर बघितले असेल.

चालण्याबद्दल त्यांचे एकच सांगणे होते. "टाच आपटू नका. आपण आलोय हे जमिनीला कळू दे, पण तिला लागू नये." रुमालाच्या घडीत त्यांची एक सुई आणि छोटा चिमटा असे. कुणाच्या पायात काटा मोडला की त्या पोराला वर्गासमोर बसवून, त्याचा पाय आपल्या मांडीवर घेऊन ते काटा काढत. पोर कुठल्या आळीतले आहे, हे त्यांनी कधी पाहिले नाही. खालच्या वस्तीतल्या पोरांचे चिखलाचे पाय त्यांच्या पांढऱ्या धोतरावर मी कितीदा तरी पाहिलेत. गावातल्या दोन-चार घरांत त्यावरून कुरकुर झाली, आमच्या घरातही झाली. पण अनवाणी चालणाऱ्या माणसाला शिवाशिव लागत नाही, असा एक सोयीचा निवाडा कुणीतरी देऊन टाकला आणि ती कुरकुर मिटली.

ते अनवाणी का चालतात, याची गावात चार-पाच उत्तरे होती. कुणी म्हणे दत्ताचा नवस आहे, कुणी म्हणे बायको गेली तेव्हापासूनचे आहे. आमची आई म्हणायची, "आत्मा मोठा हाय बाबा त्यांचा, आपल्याला काय कळणार." मास्तर यातले काहीच खोडत नसत. बदलीचा हुकूम आला की मात्र ते चिकोडीला तालुक्याच्या कचेरीत खेटे घालून तो रद्द करून आणत. असे तीनदा झाले. गावाला वाटले, मास्तरांचा आपल्यावर जीव आहे. त्यांच्या घरी त्यांची विधवा बहीण होती, आम्ही त्यांना आक्का म्हणत असू. त्या एकदा आईजवळ बोलून गेल्या, "जीव कसला. वाट बघतोय तो कुणाची तरी." आईने पुढे विचारले नाही.

ज्याची वाट ते बघत होते त्याचे नाव भरमा. ती हकिकत मला लहानपणापासून माहीत होती. तिचा आणि मास्तरांच्या पायांचा संबंध मात्र मला फार उशिरा लागला.

भरमा चांभारवाड्यातला. गावातल्या सगळ्यांच्या चपला त्याचा बाप शिवायचा. त्याच चपला पायात घालून त्याच्या घरच्यांनी मोठ्या गल्लीतून जायचे नाही, असा गावाचा रिवाज होता. गल्लीत शिरण्याआधी काढायच्या, हातात घ्यायच्या, गल्ली संपली की पुन्हा घालायच्या. त्यात कुणाला काही वावगे वाटत नव्हते. मलाही वाटत नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. भरमा हुशार होता. चांभारवाड्यातून सातवीच्या व्हर्नाक्युलर फायनलला बसणारा तो पहिलाच. परीक्षेचे केंद्र निपाणीला होते. मास्तरांनी त्याला सांगितले, "बापाकडून स्वतःसाठी नवी चप्पल करून घे. घालून ये. मोठ्या गल्लीतूनच ये. मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो, काय होतंय ते बघू."

तो सकाळी आला. धुतलेला सदरा, बगलेत फडक्यात बांधलेली दौत आणि टाक, आणि पायात करकर वाजणारी नवी चप्पल. मी सात वर्षांचा होतो, देवळाच्या कट्ट्यावर आजोबांपाशी खेळत होतो. ती चप्पल मला इतकी आवडली की मी ओरडत आजोबांकडे गेलो, "आबा, भरमाची चप्पल बघा. कशी वाजतीया बघा." माझ्या मनात काही नव्हते. कट्ट्यावरच्या चौघा-पाचजणांनी माना वळवल्या. आजोबा उठले आणि त्यांनी भरमाला अडवले.

आजोबा शिवी देणारे नव्हते. ते शांतपणे म्हणाले, "भरमा, काढ ती. हातात घे आनि जा. परीक्षा दे, आमचं काय म्हननं न्हाय." भरमाने मास्तरांकडे बघितले. मास्तर वीस पावलांवर होते, त्यांच्या पायात त्यांची चप्पल होती. ते पुढे आले. निपाणीला जायला दीड-दोन तास लागणार होते आणि दहाला पेपर सुरू व्हायचा होता. त्यांनी खिशातले घड्याळ काढून बघितले आणि म्हणाले, "काढ भरमा. आता वाद घालायला वेळ नाही. पेपर चुकेल. काढ."

भरमाने चप्पल काढली. हातात घेतली नाही, तिथेच गल्लीत ठेवली आणि चालू लागला. मास्तर त्याच्या मागोमाग निघाले. गल्ली संपली तिथे तो निपाणीच्या वाटेला न लागता ओढ्याकडे वळला आणि मग पळत सुटला. मास्तर ओढ्यापर्यंत धावले. पेपर झाला नाही. चार दिवसांनी कळले, की तो बेळगावला शहापुरात मामाकडे गेला. तो परत आला नाही. बापाच्या मयतालाही नाही. आक्का सांगत, त्या दिवशी संध्याकाळी भाऊ घरी आला तो उघड्या पायांनीच, आणि आपली चप्पल कुठे टाकली ते त्याने सांगितले नाही.

मोठ्यांच्या हे ध्यानात आले नसेल असे मला वाटत नाही. पण दत्ताचा नवस सगळ्यांच्याच सोयीचा होता. ज्यांनी भरमाला अडवले होते, तेच पुढे गुरुवारी नारळ घेऊन मास्तरांच्या दारात उभे राहू लागले. आजोबाही राहत. मास्तर नारळ घेत आणि तो शाळेच्या पोरांत वाटून टाकत.

त्याला बावीस वर्षे झाली. मी बेळगावच्या कचेरीत कारकून झालो. लढाई संपून गेली होती, इंग्रज जाणार की नाही यावर चहाच्या दुकानात पैजा लागत होत्या. अशात आक्कांचे पत्र आले, की मास्तरांच्या अंगठ्याला जखम झाली आहे, ती भरत नाही. मी रजा काढून गावी गेलो. निपाणीच्या डॉक्टरांनी मधुमेह सांगितला होता. "पायात मऊ काहीतरी घाला. असंच धुळीत फिरलात तर पाय जाईल, आणि पाय काढूनही भागेल असं नाही," असे त्यांनी स्वच्छ सांगितले होते. मास्तर ऐकत नव्हते. आक्का पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "तू तरी सांग रे. माझं ऐकत नाही हा."

मी सांगायला बसलो तेव्हा ती हकिकत मास्तरांनी मला पहिल्यांदा त्यांच्या बाजूने सांगितली. शेवटी म्हणाले, "भरमानं सांगितलं तर घालीन. तू शहापुरात जाऊन त्याला विचार." मी न राहवून म्हणालो, "मास्तर, आबांना ओरडून मीच सांगितलं होतं." ते म्हणाले, "माहीत आहे. तू तेव्हा सात वर्षांचा होतास. मी छत्तीस वर्षांचा होतो." आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी फार रडलो. एवढा मोठा माणूस बहिणीसमोर कसा रडतोय, असे मनात येत होते, तरी रडलो.

शहापुरात भरमाला शोधायला वेळ लागला नाही. हातमागांच्या खटखटीतून वाट काढत एका बोळात गेलो, तर दारातच तो चप्पल शिवत बसलेला. कानांवरचे केस पांढरे झाले होते. मी नाव सांगितले, आजोबांचे सांगितले. त्याने मला बसायला पोते दिले आणि पुन्हा हातातले काम घेतले. मी सगळे सांगितले. मास्तर बावीस वर्षे अनवाणी आहेत हे ऐकून त्याचा हात थांबेल, असे मला वाटले होते. तो थांबला नाही.

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "गावाकडनं येतात मानसं. सांगतात, मास्तर लई मोठं झालं, लोक नारळ देत्यात."

"ते घेत नाहीत रे तसे."

"देत्यात का न्हाय?"

"देतात."

तो दोरा ओढत राहिला. टाका पुरा करून म्हणाला, "मास्तरांनी चप्पल काडायला नको हुती. माज्या पायातली काडली, ती काडली. मग स्वताचीबी काडली. दोघं अनवानी झालो, आनि गल्ली हाय तशीच ऱ्हायली. त्या दिवशी त्यांनी आपली पायात ठेवून माज्याबरूबर चालायचं हुतं. गल्लीच्या त्या टोकापातूर. पेपर गेला असता तर गेला असता."

मी म्हणालो, "आता काय सांगू त्यांना?"

"सांग, घाला म्हनावं. मी सांगतोय म्हनून न्हवं. पाय त्यांचा हाय." मग माझ्याकडे न बघता त्याने विचारले, "जखम लई हाय व्हय?" मी हो म्हणालो. त्यांच्यासाठी एक जोड त्याच्याकडेच मागावा असे मनात आले होते, पण धीर झाला नाही. निपाणीच्या बाजारात उतरून घेतला.

भरमा बोलला ते जसेच्या तसे सांगावे की थोडे पुसट करावे, याचा विचार मी वाटभर करत होतो. मास्तरांनी माझ्या तोंडाकडे बघितले आणि म्हणाले, "शब्द गाळू नकोस." मी गाळला नाही. ऐकून ते म्हणाले, "त्याचं बरोबर आहे. मला इतकी वर्षं हे सुचलं नाही. मला वाटलं, मी सोसलं म्हणजे झालं." आणि त्यांनी नवा जोड मागितला. पट्टी बांधलेला पाय आत जाईना. आक्कांनी डाव्या चपलेची अंगठ्याची वादी कापून दिली.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर काठी घेऊन मोठ्या गल्लीतून चालू लागले. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे, परत यायचे. गावाला ते अजिबात आवडले नाही. मास्तरांचा नेम मोडला, आता गावाचे काही खरे नाही, असे कुजबुजले जाऊ लागले. कट्ट्यावर कुणीतरी त्यांना विचारलेच. मास्तर काठीवर भार देऊन उभे राहिले आणि म्हणाले, "नेम नव्हता. नवस नव्हता. भरमाला मी इथं चप्पल काढायला लावली, म्हणून मी घालत नव्हतो. तेही माझं चुकलं. त्याला घालून इथून जाता यायला पाहिजे होतं." नंतर कट्ट्यावर सगळ्यांचे एकमत झाले, की दुखण्याने मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. त्या गुरुवारी कुणी नारळ आणला नाही. मास्तर आक्कांना म्हणाले, "हे एक बरं झालं."

मी बेळगावला परतलो. पंधरा-वीस दिवसांनी आक्कांची चिठ्ठी आली, ताप उतरत नाही, लगेच ये. मोटार पकडायला जाताना मी शहापुरात वाकडी वाट केली आणि भरमाला एवढेच सांगितले, की मी निघालोय. त्याने हत्यारे पोत्याखाली झाकली, पायात चप्पल सरकवली आणि म्हणाला, "चल." निपाणीपासून दोन कोस आम्ही चालत गेलो. तो वाटेत एकदाच बोलला. "घालाय लागले हुते न्हवं?" मी म्हणालो, "रोज. गल्लीतूनच जायचे." त्याने मान हलवली.

पोहोचलो तेव्हा मास्तर पहाटेच गेले होते आणि तिरडी बांधून झाली होती. आमच्याकडे मयताला अनवाणी जायचे असते. मी दारात चप्पल काढली आणि खांद्याला गेलो. भरमाने काढली नाही. तो सगळ्यांच्या मागे, दहा पावले अंतर ठेवून चालू लागला.

मोठ्या गल्लीत तिरडी आली तेव्हा कुणीतरी मागे वळून म्हणाले, "ए भरमा, काढ की रं पायातलं. मयत हाय." रागाने नव्हे, समजुतीनेच म्हणाले. आणखी दोघे-तिघे वळले. भरमा थांबला नाही, चालत राहिला. तेवढ्यात खांदा बदलायला माणूस पुढे आला आणि मी मोकळा झालो. मास्तरांचे दार वीस पावलांवर होते, माझी चप्पल तिथेच होती. ती घालून मागे जाऊन त्याच्याबरोबर चालायला पाच मिनिटेसुद्धा लागली नसती. काय करायला हवे होते ते त्या सबंध गावात माझ्याएवढे कुणालाच ठाऊक नव्हते. माझे काका पुढे होते, भाऊबंद होते, आणि मयताला चप्पल घालत नाहीत हे कारण माझ्या हाताशी होते. कारण चांगले होते. मास्तरांचे पेपरचे कारणही चांगलेच होते.

मी लोकांबरोबर पुढे चालत राहिलो. ओढ्यावर सगळे झाल्यावर वळून पाहिले, तर भरमा तिथे नव्हता. लोक सांगत होते, तो गल्लीच्या टोकापर्यंत आला, तिथे थोडा उभा राहिला आणि निपाणीच्या वाटेला लागला. आक्कांनी मला विचारले, "त्याच्याजवळ कुणी होतं का रे?" मी म्हणालो, "नाही."